एकशेपंचावन्न, सत्तर, तेरा

एक युरोचं नाणं डेल्मिरो खाचेत उभं करतो.
कडेचा सोनेरी पट्टा दिसता कामा नये.
आमच्या चारही चाकांवर तो लख्ख दिसतो.
'साबेला, तू टायरवर नाही,
देवाच्या भरवशावर येतेस-जातेस.'

रस्ता त्याला ठाऊक आहे.
डोंगरातून लुगोच्या इस्पितळापर्यंत अडतीस,
परत अडतीस. सोमवार, बुधवार, शुक्रवार.
नोव्हेंबरात वळणावळणावर चेस्टनटची ओली पानं
साबण सांडल्यासारखी,
आणि शेजारच्या सीटवर बाबा,
डावा हात मांडीवर जपून ठेवलेला.
जाताना सुजलेले,
येताना पिळून वाळत घातलेले.

आज मंगळवार. आज सुया नाहीत.

डेल्मिरो दोन टायर फरशीवर उभे करतो,
दोन्ही आमच्याच मापाचे.
'हा कडक. पंचेचाळीस हजार कुठे गेले नाहीत.
पावसात मात्र जरा उशिरा थांबतो.
हा मऊ. ओल्यात चिकटून राहतो,
पण पंचवीस हजारांत उरकला.'
'दोन्ही गुण एकात?'
'आहे की. तुझ्या अख्ख्या गाडीच्या किमतीत.'

बाबा काठी टेकत वाकतात.
चाळीस वर्षं त्यांनी लाकडी जोडे कोरले,
अख्ख्या खोऱ्याचे तळवे त्यांना पाठ.
कुणाच्या टाचेला किती खिळे
ते माणसाच्या चालीवरून ठरवायचे.
टायरला नख रुतवून बघतात, हुंगतात,
कडेवरचे चार आकडे मला वाचायला लावतात:
या वर्षाचा नववा आठवडा.
'मार्चच्या तोंडावर जन्मलंय.
कडक घे.'

भागाकार करायचा नसतो, तरी होतो.
आठवड्याला दोनशे अठ्ठावीस,
वर्षाला बारा हजारांना थोडे कमी.
मऊ म्हणजे दोन वर्षं.
कडक म्हणजे पावणेचार.
डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला नव्हता,
मी विचारला नव्हता.

बाबांचाही भागाकार झालेला दिसतो,
हिशेबाला ते माझ्याहून पक्के.
'कडकच घे. नंतर तुझे
वर्षाला दोन हजारसुद्धा व्हायचे नाहीत.
जन्माला पुरतील.'
'आणि त्याआधी? गिरणीच्या वळणावर?'
'त्याआधी हळू चालव.'

डेल्मिरो पाना शोधू लागतो.
पाना त्याच्या हातातच आहे.

ते माझ्या नंतरच्या रस्त्यासाठी निवडतायत,
मी त्यांच्या उद्याच्या.
गाडी एक, चाकं चार.
'मग दोन-दोन घालू?'
'छे,' डेल्मिरो म्हणतो, 'चौघं एका मनाचे हवेत.
पुढचं घसरलं तर हाताला कळतं,
मागचं घसरलं की
कळेपर्यंत दरी.'

बाबा मऊ टायरवर बसतात, स्टुलावर बसावं तसे.
दम खातात.
'तुझ्या आईला भूर्जाचेच जोडे लागायचे.
हलकं लाकूड, ओल्या दगडावर पाय धरायचं,
पण एका हिवाळ्यात तळ गायब.
अक्रोडाचे करून देतो म्हटलं तर ऐकायची नाही.
दर वर्षी नवे मागायची.'
'आणि तुम्ही द्यायचात?'
'कुरकुरत.'

पावसाने पत्रा वाजवायला घेतला.
बाबांनी काठीने टायरला एक टोला दिला.
'मऊ घाल रे.
झिजले की पुन्हा येऊ.
तोवर भाव वाढवलास तर बघ.'

येऊ, म्हणाले.
मी पैसे मोजत राहिले, दोनदा चुकले.

गाडी जॅकवरून उतरली तेव्हा
नव्या रबरावरचा एक केस त्यांनी उपटला,
बोटात फिरवून बघितला, खिशात टाकला.
पहिले शंभर किलोमीटर जपून, डेल्मिरोने बजावलं,
नव्या टायरला वर एक बुळबुळीत कातडी असते,
ती गेल्याशिवाय पकड येत नाही.

उद्याचे शहात्तर.
शंभर भरतील ते शुक्रवारी,
लुगोच्या अलीकडे चौदा किलोमीटरवर,
जिथे सकाळी बहुतेक धुकं असतं
आणि बाबा विचारतात, आलं का,
आणि मी सांगते, अजून नाही.