‘म’चा कप्पा

डॉक्टर सोनटक्क्यांनी रिपोर्ट स्वतःकडे तोंड करून ठेवला.
मीच सांगितलं होतं तसं, आदल्या दिवशी, जिन्यात:
त्यांना एवढ्यात कळायला नको.
पण टेबलापलीकडून उलटं वाचणाऱ्या माणसापासून
कोण काय लपवणार?
बाबांनी बावीस वर्षं ठाकूरद्वारच्या छापखान्यात
शिशाचे खिळे जुळवले.
डोक्यावर उभे राहिलेले शब्द
त्यांना सरळच दिसतात.

“मायलोमा,” ते म्हणाले.
प्रूफात चूक सापडली की म्हणायचे, त्याच सुरात.

मग परळच्या त्या खोलीत, करकरत्या पंख्याखाली,
त्यांनी शब्दाचे खिळे सुटे केले.
“मायलो म्हणजे मज्जा. ग्रीक.
वैद्यकाचा कोश जुळवला होता आम्ही, अठ्ठ्याहत्तर साली.
‘म’चा कप्पा दुपारपर्यंत रिकामा व्हायचा.
मज्जा दोनदा यायची, डॉक्टर.
एक हाडातली, एक पाठीतली, आणि शब्द एकच.
मला वाटलं चुकून दोनदा आलंय,
म्हणून खाडिलकर मास्तरांना विचारायला वर गेलो.
ते म्हणाले, चूक आहे खरी, पण दोन हजार वर्षं जुनी.
राहू दे.”

डॉक्टरांनी कागदावरचा हात काढून घेतला.

“कुणीतरी बकरा कापला असणार.
मांडीचं हाड फोडलं, आत मऊ.
मणके फोडले, आत मऊ.
एकच जिन्नस दोन जागी ठेवलाय, असं धरून चालले.
आपण तरी काय वेगळं केलं?
अस्थिमज्जा म्हटलं, मज्जारज्जू म्हटलं.”

उठताना त्यांच्या डाव्या पायाची लोखंडी पट्टी खणकली.

चौथ्या वर्षी ताप आला होता, शिवडीला.
त्याचं पूर्ण नाव पोलिओमायलायटिस.
पोलिओ म्हणजे करडा.
करड्या मज्जेची आग.
घरात आम्ही पुढचं अर्धंच म्हणायचो,
मागचं अर्धं कुणी तोंडात घेतलं नाही.
आणि ते राहिलं असावं तिथेच, गप्प,
सहासष्ट वर्षं,
पाठीतून निघून हाडात शिरेपर्यंत.
भाडेकरूनं खोली बदलावी,
पाटी तीच ठेवावी.

लिफ्टमध्ये ते हसले.
“मज्जा संपत आली म्हणायची.”
लिफ्टमननं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग आकड्यांकडे.

टॅक्सीत, भोईवाड्याच्या सिग्नलला,
ते काचेवर बोटानं काहीतरी लिहीत होते.
उजवीकडून डावीकडे, आरशातलं.
“बघ,” म्हणाले, “पुढे माय आहे. शेवटी मा.
मधे एकटा लो.”
मी म्हटलं, बाबा, हे मराठी नाहीये.
“खिळ्यांना कुठे माहीत असतं,
कुठल्या भाषेत उभे आहोत ते?”

रविवारी मी मटण आणलं.
आई होती तेव्हा नळी त्यांच्या ताटात पडायची.
ते ती ताटाच्या काठावर आपटायचे, ठक, ठक,
जुळवलेली ओळ घट्ट बसवतात तशी,
आणि आईची पाठ वळली की
आतलं सगळं माझ्या भातावर.
“खा. पाय भरतील.”
मला तेव्हा वाटायचं, त्यांना आवडत नसेल.

या रविवारी मी वाढलं. नळी त्यांनाच.
त्यांनी ती उचलली, खिडकीकडे धरली,
एक डोळा मिटून आत पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
रश्श्याचा थेंब मनगटावरून कोपरापर्यंत गेला,
त्यांनी पुसला नाही.

ठक.
ठक.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे.
माझे पाय भरलेले आहेत.
भातावर पडलं ते अजून गरम होतं,
करडं, थरथरणारं, चमच्याभर.
मी खाल्लं.