उणे एक

ग्रामपंचायतीच्या निर्लेखनात
एकशे चाळीस रुपयांना मला तो मिळाला.
सतरा इंची. पाठीवर अजून पांढरा रंग:
धनोडी / सं. / ०४.
सोबत एक माउस फुकट, शेपूट कुरतडलेला.

दमडूकाकांच्या दुकानात, बाकावर पालथा घातला,
चार स्क्रू काढले, कडेच्या फटीत
जुनं एटीएम कार्ड सारत एकेक खिट्टी सोडवली.
भुईमुगाची शेंग फुटावी तसा आवाज.
आत कुंभारणीनं मातीचं घर बांधलेलं,
हिरव्या बोर्डाला टेकून.
तिला ऊब लागली असेल सातबाऱ्यांची,
जन्ममृत्यूच्या नोंदींची,
पासवर्ड विसरलेल्या दुपारांची.
ते घर ब्लेडनं उतरवलं
आणि टाकवेना म्हणून कंगव्यांच्या डब्यात ठेवलं.

फुगलेले दोन कपॅसिटर बदलले, आठ रुपयांना एक.
काच आर्वीहून. फिल्म पुलगावच्या गॅरेजातली,
गाड्यांना लावायची बंदी आली म्हणून पडून राहिलेली.
साबणाचं पाणी शिंपडून
काकांच्या वस्तऱ्याच्या पाठीनं बुडबुडे काठाकडे हाकलले.
चौकट झोलबा मिस्तरीनं दिली, सागाची,
कोणाच्या तरी खिडकीतून उरलेली.

"गंमत एवढीच," मी सांगत होतो,
"पडद्यावर जिथं काळं, तिथं आपण दिसतो.
जिथं उजेड, तिथं अक्षर."
काकांनी दाढीचा ब्रश झटकला.
"म्हंजे अंधारानंच चेहरा दिसते का बावा?"
तसंच काहीसं, मी म्हटलं.
"मंग याच्यात नवं काय हाये?"

पहिल्या दिवशी गर्दी.
वर घड्याळ, त्याखाली पंचेचाळीस अंश,
तळाशी कापसाचा भाव आणि आर्वीची एसटी.
गिऱ्हाइकं माना वाकड्या करून वाचत होती,
उकंड्याच्या कानाला ब्लेड लागलं ते भावापायीच.
काका मात्र त्या अक्षरांकडे बघत नव्हते.

तिसऱ्या रात्री अर्धं शटर ओढून,
आवाज खाली आणून म्हणाले,
"पोट्ट्या, मले सरळ वाचता येत नाही."

शाळा नव्हतीच.
आठव्या वर्षापासून बापामागं वाटी धरून उभे,
तोंड याच भिंतीकडे.
मागच्या कॅलेंडरवरून, रस्त्यापलीकडच्या
खताच्या दुकानाच्या पाटीवरून
जे आरशात पडलं तीच बाराखडी.
तिथं ओळ उजवीकडून निघते,
काना अक्षराच्या आधी येतो.
गिऱ्हाइकानं पेपर उघडला
की पहिलं पान आणि शेवटचं पान काकांचं.
आतलं पान खाली, नाकासमोर, सरळ,
म्हणून बंद.
पन्नास वर्षं. काकूलासुद्धा ठाऊक नाही.

मी की-बोर्ड जोडला.
एका ओळीत, एकच्या आधी
उणे चिन्ह टाकलं. बस.
अक्षरांनी कूस बदलली,
आणि काका वाचू लागले,
घड्याळापासून भावापर्यंत एका दमात,
मग पुन्हा खालून वर,
मग नुसतंच "अंश, अंश," असं दोनदा.
मी खाली बसून वायरी गुंडाळत राहिलो,
गुंडाळलेल्याच.

विचारणाऱ्यांना सांगतो, पॅनेल जुनं आहे,
बिघाड निघत नाही.

उकंड्या खुर्चीत बसतो, डोळे बारीक करतो.
"काका, हे तेलगू हाये का?"
"असंन."
"अन् आज भाव काय निघाला?"
काका त्याची हनुवटी दोन बोटांनी सरळ करतात,
कानामागं फेस लावतात, काचेत बघतात.
घाई नाही.

"मान नोको हालवू. सांगतो."