जोड नमुना

फॉर्मच्या कोपऱ्यात मीच लिहिते, लाल शाईने:
पहिला नमुना. दुसरा तीन आठवड्यांनी.
आणि कुपी उणे वीसच्या फ्रीजरात ठेवते.
तिथे अशा पुष्कळ आहेत, एकेकट्या.
बरे झालेले परत येत नाहीत.
न झालेलेही.

भिकाजी नाचरे, वय सेहेचाळीस, राहणार भांडुप.
काम: कूलिंग टॉवरची सफाई, लोअर परळ,
तेविसाव्या मजल्यावरची गच्ची.
ताप, कोरडा खोकला, जुलाब, रात्री असंबद्ध बडबड.
खाली वॉर्डातल्या डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात
लिजिओनेला,
आणि पुढे रोगापेक्षा मोठं प्रश्नचिन्ह.

डॉक्टरांनी वाट पाहिली नाही.
गोळी अंदाजाने मारली, ती लागली.
दहाव्या दिवशी नाचरे चालत घरी गेले.
म्हणजे माझ्या रिपोर्टाची आता
कुणालाच घाई नव्हती.

एका नळीत कळत नाही का, असं विचारतात लोक.
रक्त खोटं बोलत नाही, पण
तारीख सांगत नाही.
ही तपासणी आमच्याकडे नवी सुरू झाली तेव्हा
तुलनेला निरोगी रक्त हवं होतं, मी माझंच लावलं.
अंधाऱ्या खोलीत भिंगाला डोळा लावला तर
काचेवर कैरीच्या सालीसारखे हिरवे कण,
लखलखीत.
माझे.

कधी?
घाटकोपरपर्यंत तेच आठवत गेले.
सासूबाईंच्या दुखण्यात मला झालेला तो खोकला,
मी ज्याला जागरण समजले होते?
की त्याच्याही आधी, चेंबूरच्या खोलीत,
परीक्षेच्या आठवड्यात?
माझ्या छातीत कुणीतरी येऊन राहून गेलं,
भांडण झालं, मिटलं,
आणि रक्ताने मला न विचारता
नोंद करून ठेवली.

तेव्हापासून एका कुपीवर मी
कुणाला काहीच सांगत नाही.

नाचरेंना तीनदा फोन केला.
तिसऱ्यांदा मुलीने उचलला. पप्पा कामावर गेलेत.
कुठे गं?
तिथेच. टॉवरवर.

शनिवारी पाऊण वाजता, खिडकी बंद करता करता, आले.
"मी ठणठणीत आहे मॅडम. आता कशाला?"
"तुमच्यासाठी नाही," म्हटलं.
ते गप्प झाले. बाही वर केली.
मी शीर चाचपत होते तेव्हा
भिंतीकडे बघत म्हणाले,
"खालचा वॉचमनपण खोकतोय."

दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच काचेवर लावायचे असतात,
हात तोच, डोळा तोच.
जुना एकास चौसष्टला विझला.
नव्यात पाणी दुप्पट केलं, पुन्हा दुप्पट,
एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन,
हिरवा हटेना.
पाचशे बाराला कुठे मंद झाला,
तिथेही होताच.

रिपोर्ट दीड ओळीचा. सही, शिक्का,
एक प्रत साथरोग कक्षाला.
तिथल्या बाईंनी विचारलं, रुग्ण आहे की गेला?
आहे, म्हटलं. पाण्याचं बघा.

मग दोन्ही कुप्यांना एकच रबरबँड लावला,
मे महिन्याच्या खणात मागे सरकवल्या.
दार लावल्यावर हाताला थंडी चिकटून राहिली थोडा वेळ,
आणि तेव्हा लक्षात आलं:
वॉचमनचं नाव
विचारायचं राहिलं.