पूर्वअट

गणित ०९९.
याला श्रेयांक नाहीत, फक्त शुल्क आहे.
हे पास झाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही.
मंगळवार, गुरुवार, दुपारी साडेचार;
आणि नदीपलीकडच्या गोदामातली पाळी सुटते सहाला.
वेळापत्रक मी केलेलं नाही.
मी फक्त चौदा वर्षं त्याला हरकत घेतली नाही.

पहिल्या तासाला आम्ही एक फॉर्म वाटतो :
तुम्हाला पुढे काय व्हायचंय?
रोझेर विलेट, वय त्रेपन्न,
बुटांचा कारखाना बंद पडल्यापासून लोकांच्या छपरांवर.
त्यानं कानामागची पेन्सिल काढली,
बराच वेळ नुसती धरली,
आणि लिहिलं : उबदार.

होदान वारसामे शेवटच्या बाकावर,
धाकटी लेक मांडीवर झोपलेली.
ल्युइस्टनला येण्याआधी
छावणीत चारशे घरांचं रेशन तिच्या हाताखाली होतं,
कुपनं, किलो, तेलाचे डबे,
आणि महिनाअखेर कमी पडणारं पीठ
कुणाच्या ताटातून किती कमी करायचं, तो हिशेब.
तिला आम्ही टक्केवारी शिकवत होतो
पिझ्झाचे तुकडे पाडून.

कोरी पाटी घेऊन या
असं अभ्यासक्रम कुठे म्हणत नाही. धरून चालतो.
आणि ही माणसं येतात
दोन्ही अंगांनी लिहिलेली, समासातही जागा नाही,
तर दारात आम्ही
ओलं फडकं घेऊन उभे.

तिसऱ्या आठवड्यात विलेट यायचा थांबला.
नियमाप्रमाणे मी त्याच्या नावापुढे
'स्वेच्छेनं' या रकान्यात खूण केली.

नोव्हेंबरात माझं छप्पर गळलं.
कंपनीला फोन केला; शिडीवरून उतरला तो तोच.
दोघांनाही काय बोलावं सुचेना.
मग देवदारी फळीच्या तुकड्यावर त्यानं खरडलं :
बारा फूट आडवं, नऊ उभं,
वासा पंधराचा, वळचणीला एक वाढीव,
वर साचणारं बर्फ चौरस फुटाला किती,
एकूण किती, आणि किती झाल्यावर घर कण्हायला लागतं.
माझी कॉफी ओतून व्हायच्या आत.
मी म्हटलं, हे पायथागोरसचं आहे.
असेल, तो म्हणाला.
मला आर्मांकाकानं शिकवलं.

फेब्रुवारीत समितीपुढे मी तो तुकडा ठेवला.
खोलीभर लाकडाचा वास.
डीन लंट सज्जन माणूस. त्यांनी चष्मा पुसला,
तुकडा उलटा करून पाहिला, विचारलं,
यातून कितव्या क्रमांकाची निष्पत्ती साध्य होते?
कुणी म्हणालं, दर्जा.
कुणी म्हणालं, उद्या न्हावीसुद्धा भूमितीचे श्रेयांक मागेल.
मागू दे की, मी म्हटलं. मनात.
शाळेतून कॉलेजात, कॉलेजातून कॉलेजात आलेली मी,
पालथ्या घड्यावर पाणी, असं स्टाफरूममध्ये
सगळ्यात जास्त वेळा म्हणालेली मीच.
घडे पालथे नव्हते.
काठोकाठ होते, म्हणून आमचं सांडत होतं.
हे मात्र मोठ्यानं म्हणाले. आवाज कापला.

चार विरुद्ध तीन.
सप्टेंबरपासून वर्ग साडेसहाला.
मुलांसाठी शेजारची खोली : हीटर आहे, खेळणी नाहीत.
बाकीचं पुढच्या वर्षी पाहू, असं इतिवृत्तात आहे.
आणि फॉर्मवरचा प्रश्न बदलला :
तुम्हाला काय काय येतं?
मी पाच रेघा आखल्या होत्या.
होदाननं पाठचं पान भरलं,
मग हात वर करून दुसरा कागद मागितला.

विलेटला फोन केला. आधी नुसता वारा ऐकू आला.
वर आहे, म्हणाला. थंडीच्या आत अजून चार घरं.
मग?
बघू.

त्याचं नाव पटावर मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.
परवा रात्रभर पाऊस होता.
उठून दोनदा पाहिलं,
छताला कुठे डागही नाही.