डाव्या पायाची भिंगरी

एदिवानिया आली तेव्हा ओहोटी होती,
आणि माझ्या शेडपर्यंत चालत यायला
तिला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला.
फळी काखेत नव्हती, मागून फरफटत होती
हट्टी शेळीसारखी.
"जुरांदिर, पट्टे फिरते करून दे," म्हणाली.
"पाऊल वळेल तसे वळणारे.
हा गुडघा आता माझं ऐकत नाही."

सेआराच्या या किनाऱ्यावर जुलै ते जानेवारी
वारा एकाच बाजूने येतो,
वेळेवर हजेरी लावणाऱ्या कारकुनासारखा.
बावीस वर्षं ती पतंगाला जुंपलेली,
बावीस वर्षं दोन्ही चवडे बाहेर, बदकासारखे,
स्क्रूने आवळलेले.
आणि पतंगाकडे पाठ करून, बोटांच्या कडेवर फळी रेलून
ती निघायची, तेव्हा कंबर एकीकडे, पाऊल भलतीकडे,
मधे गुडघा,
दोन भावांच्या वाटणीत सापडलेल्या बहिणीसारखा.

फोर्तालेझाच्या डॉक्टरने काचेवर फोटो धरला.
कूर्चा फाटली आहे.
मी शिडाला ठिगळ लावतो, फळीची चीर भरतो.
कूर्चेचं माझ्याकडे काही नाही.

पायाला भिंगरी तर तिच्या जन्मापासून होती,
आता खरोखरीची लावायची होती.
ओझियेलच्या पिझ्झाच्या दुकानातली
दोन टेबलांवरची फिरती ताटं मागून आणली,
खालची बेअरिंगं काढली,
पट्ट्याखाली बसवली, दोन्हीकडे खुंटी ठोकली,
म्हणजे पाऊल वळेल, पण गरगरणार नाही.

पहिल्या दिवशी ती लगूनवरून
परत आली ती हसतच.
"दिशा बदलली, पाऊल आपोआप बदललं.
गुडघ्याने तोंडसुद्धा उघडलं नाही."
पडली तेव्हाही पाऊल सहज सुटलं,
पिळलं नाही.
मी मनातल्या मनात दुकानावर नवी पाटी रंगवली.

दुसऱ्या दिवशी तिने उडी मारली.
वर सगळं ठीक.
खाली येताना पाऊल आधी वळलं, फळी नंतर,
टाचेचा निरोप कडेपर्यंत उशिरा पोचला,
आणि पाण्याने तिला गालावर घेतलं.
बेअरिंगमुळे पाय बोटभर उंच,
फळी जड, आणि पायाखाली कायमचा
एक किंचित सैलपणा,
हलणाऱ्या दातासारखा.

तिसऱ्या दिवशी करकर.
वाळू.
आमच्याकडे वाळू भातातही शिरते,
बेअरिंगने काय घोडं मारलंय?

वालिसन म्हणाला, "फिरतं ते सैल.
घट्ट बांधा, नाहीतर घरी बसा."
वालिसन एकोणीस वर्षांचा आहे.
आपल्याला गुडघे आहेत
हे त्याला अजून कोणी कळवलेलं नाही.

एदिवानिया काही बोलली नाही.
माझ्या फळीवरून पान्हा उचलला,
उकिडवं बसता येत नाही म्हणून
डावा पाय लांब पसरून वाळूत बसली,
आणि उजवीकडचं बेअरिंग काढून माझ्या हातात दिलं.
तिथे जुनाच पट्टा, जुनेच स्क्रू.
डावीकडचं राहू दिलं.

आता तिची फळी उभी केली की एका बाजूला कलते.
दिसायला विचित्र, विकायला अशक्य.
उड्या कमी झाल्या आहेत, फेऱ्या लांब.
कोणी विचारलं, फिरता चांगला की पक्का,
तर ती विचारते, कोणत्या पायाला?

रोज सूर्य बुडाला की ती येते,
मी बेअरिंग गोड्या पाण्याने धुतो,
ग्रीस भरतो, बोटाने फिरवून कानाशी धरतो.
एक कण राहतोच.
गंज धरायला लागला आहे,
डिसेंबर काढेल, जानेवारीचं सांगता येत नाही.
पैसे ती देत नाही. मीही मागत नाही.
कधीतरी मासळी असते.

उजवीकडचं बेअरिंग मी ओझियेलला परत केलं.
खिडकीजवळच्या टेबलावर पिझ्झा पुन्हा फिरतो,
आणि फिरताना करकरतो.
गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघतात.
पलीकडच्या टेबलावर अजून
हात लांब करूनच तुकडा घ्यावा लागतो.