षष्ठी

आमच्या पत्रपेटीवर पाच माणसं, पाच आडनावं.
पोलंडहून आलेल्या नव्या पोस्टमनने विचारलं,
हे वसतिगृह आहे का?
आईला हसू आवरेना. हातातल्या माशाचं पाणी
कोपरापर्यंत ओघळलं.

इथे फ्लातेयरीत आडनाव घराण्याचं नसतं.
बापाच्या नावाला षष्ठी लावायची,
पुढे मुलगा किंवा मुलगी.
मी इसोल्ड स्टेनग्रिम्सदोत्तिर.
स्टेनग्रिमची मुलगी.
बाबाची बोट परतली नाही तेव्हा चार वर्षांची.
दाढीला येणारा डिझेलचा वास, एवढाच माझ्याकडे आहे.
तो आता कर्ता नाही, कर्म नाही,
संबोधन तर नाहीच नाही.
फक्त शाळेत हजेरी घेताना
माझ्या नावामागे षष्ठीत उभा राहतो,
अंग चोरून.

हाल्वार्दुर आला तो एक मुलगा, एक कुत्री
आणि स्वतःची कॉफीची किटली घेऊन.
माणूस वाईट नाही.
बाबाच्या खुर्चीत बसत नाही, ती हलवतही नाही,
होडीने खडकाला घालावा तसा
वळसा घालून जातो.
एकदा शाळेचा फॉर्म भरताना,
नजर फॉर्मवरच ठेवून, म्हणाला,
हवं तर माझं नाव लाव. नाही लावलंस तरी चालेल.
मी म्हटलं, बघते.
नऊ वर्षं बघतेच आहे.

त्याचा ब्रान्दुर माझ्याहून वर्षाने लहान.
त्याची आई ऑलबोर्गला. फोन रविवारी,
कधी मंगळवारी.
माझ्या आईला तो कशानेच हाक मारायचा नाही.
मीठ हवं असलं
की मिठाकडे बघत बसायचा.

यंदा मे महिन्यात, आईच्या वाढदिवसाला,
अंगणातला बर्फ अजून मळकट पडलेला असताना
तो एक कुंडी घेऊन आला.
जांभळी पॅन्सी, एक पाकळी फाटलेली.
आमच्या भाषेत त्या फुलाला
आणि सावत्र आईला शब्द एकच.
कुंडी ओट्यावर ठेवून त्याने फुलाचं नाव सांगितलं,
एकदाच,
आणि कुत्रीला फिरवायला निघून गेला.
नळ किती वेळ
तसाच वाहत होता.

धाकटी द्रीफा तीन वर्षांची.
आमच्यात तीच एक सगळ्यांच्या रक्ताची.
नाव विचारलं की बापाचं सांगत नाही.
म्हणते, द्रीफा, इसोल्डची.
चूक आहे, ब्रान्दुर म्हणतो.
इसोल्डची कोण, ते तिला अजून येत नाही.
मी शिकवलेलं नाही.