दोन रेषा

जपानची रेषा निळी, कोरियाची नारिंगी.
रंग मी निवडले;
संगणकाने दिलेले फारच सारखे होते.

सिबूच्या कचेरीत दुपारचा पंखा,
खिडकीखाली रजांग नदी, दुधाच्या चहासारखी.
कठीण लाकूड. आयात मूल्य. रिंगिटमध्ये,
एकतीस वर्षं.

निळी उंचावरून निघते आणि उतरते,
कठड्याला धरून उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.
नारिंगी खालून येते, दमते, थांबते.
दोघी एकदाच भेटतात.
त्या वर्षाभोवती मी गोल काढलाय.

एन्साली आत आला, वाकून बघू लागला.
निम्मं आयुष्य त्याने तराफ्यांवर काढलं,
ओंडक्याला टेपची मिठी घालत,
घोटे कायम ओले.

"हा उंचवटा कसला?" त्याने बोट ठेवलं.
"त्या साली नदीला पाणी नव्हतं.
लाकूड वरच अडकून पडलं होतं, मी राखण केली त्याची."

रिंगिट कोसळला होता, मी म्हटलं.
झाड एकही जास्त पडलं नाही,
आकडा मात्र फुगला.

तो हसला. मग बराच वेळ हसला नाही.
"आणि मेरांतीची मोठी झाडं संपत आली,
तेव्हा यातली कुठली खाली गेली?"

दोन्ही नाहीत.
उरलेलं महागलं ना.

पाचच्या आत अहवाल पाठवायचा होता, पाठवला.
पडद्यावर त्याच्या बोटाचा डाग आहे अजून,
निळ्या आणि नारिंगीच्या मधे,
जिथे माझ्याकडे काहीच आकडे नाहीत.